बाईच्या डोक्यातलं भेव

माझ्या सासूबाईंना भीती वाटत नाही. हे मी म्हणत नाही, त्याच म्हणतात, आणि लग्न होऊन आले तेव्हापासून मी ऐकत आलेय. घरात साप निघाला, भेव नाही. वीज कडाडून शेजारच्या बांधावरचं झाड फाटलं, भेव नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं तेव्हा डॉक्टरनं प्रेमानं विचारलं, "आजी, घाबरल्या का?" तर त्यालाच म्हणाल्या, "मी काऊन भिऊ? चाकू तुह्या हातात हाये, तू भे." डॉक्टर हसला खरा, पण जाऊन पुन्हा एकदा हात धुऊन आला.

माझं माहेर वरोऱ्याचं. कापसाचा मुलूख, मोकळं रान. तिकडे भ्यायचं म्हणजे बोंडअळीला, नाहीतर नणंदेला. तिथून उठून मी सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला पाठ टेकून बसलेल्या या गावात आले, आणि दिवस मावळल्यावर मागचं दार उघडायची माझी छाती होईना. बाई माझ्याकडे बघून मान हलवायच्या. (सासूला आमच्या घरी सगळे बाईच म्हणतात, पोटचा मुलगासुद्धा.) "काऊन वो, घुबड बोललं तरी तुह्या पोटात गोया येते. तुह्या बापानं तुले कापसात गुंडाळून ठेवलं होतं का?" मी म्हणायची, हो, आणि तुम्ही उघडून घेतलं. मग त्या हसायच्या. आमचं भांडण असंच चालतं, अजूनही.

पण एका गोष्टीवर मला हसू येत नाही. चैत लागला की मोह गळायला लागतो आणि बाई अंधार फिका होण्याआधी टोपली डोक्यावर घेऊन निघतात. गावापासून थोडं आत, नाल्याच्या पलीकडे एक मोठा मोह आहे, तो त्यांचा. म्हणजे सरकारचाच, पण गावात कोणाची हिंमत नाही तिथलं फूल उचलायची. बाकीच्या बाया घोळक्यानं जातात. फॉरेस्ट गार्डनं घरोघरी सांगून ठेवलंय की उजाडल्याशिवाय जाऊ नका, एकटं जाऊ नका, वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. बाईंचं म्हणणं असं की घोळका गप्पा मारत राहतो आणि तेवढ्यात फुलं डुकरं खाऊन जातात. त्या एकट्याच जाणार. आल्यावर फुलं अंगणात वाळत घालणार, आणि पुढे वर्षभर भाजलेला मोह आणि तीळ कुटून केलेले लाडू आम्हाला खाऊ घालणार. लाडू चांगले होतात, ते नाकारत नाही. पण त्या परत येईपर्यंत माझा जीव भांड्यात पडत नाही, आणि याचा मला रागही येतो.

गेल्या साली पलीकडच्या गावातली एक बाई मोह वेचता वेचता गेली. वाघानं नेली. माझ्या नवऱ्यानं त्याच दिवशी सांगून टाकलं, "बाई, आता बंद. मोहावर जायचं नाई."

"मले भेव नाई लागत."

"तुले नाई लागत, मले लागते."

"मंग तू नको जाऊ."

तो दारातून बाहेर जाऊन बैलांवर ओरडला. बैलांनी काही केलं नव्हतं.

हे भांडण असंच वर्षभर धुमसत होतं आणि त्यात पडली माझी मुलगी. ती नागपूरला माणसाच्या मेंदूवर संशोधन करते. माणसाला एमआरआयच्या नळकांड्यात झोपवायचं, आत चित्रं दाखवायची, आणि कोणतं चित्र बघताना मेंदूत कुठे रक्त जास्त धावलं ते टिपायचं. त्यावरून त्या माणसाला त्या क्षणी काय वाटलं असेल याचा अंदाज बांधायचा. तिनं पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अगं, एवढ्यासाठी एवढं मोठं मशीन? तुझ्या बापाच्या भुवया बघून मला सगळं कळतं. ती म्हणाली, "कळतं असं तुला वाटतं, आई. तेच तर तपासायचंय." नागपूरचं पाणी लागलं की पोरी अशा बोलतात.

धान निघून मळणी आटपली होती तेव्हा ती घरी आली आणि म्हणाली, भीतीवरचा अभ्यास सुरू व्हायचाय, त्याआधी चित्रं बरोबर निवडलीत का ते बघायला जंगलभागातली एकदोन वयस्क माणसं हवीत. आजी, येशील का?

आजी म्हणजे बाई. त्यांनी विचारलं, "डोक्याचा फोटो देतेत का घरी न्यायले?"

"देईन."

"मंग येतो. तुह्या आजोबानं जलमभर म्हन्तलं, हिले डोस्कं नाई. कागदावर राहू दे एकदा."

माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत लगेच चमक आली. असा चमकला की मला वाटलं, धानाचा भाव वाढला का काय. तो म्हणाला, "बाई, बोल मग. मशिनीत भेव दिसलं, त मोहावर जाणं बंद. नाई दिसलं, त मी पुन्हा तोंड उघडणार नाई."

"कबूल. अन् उघडलं त?"

"नाई उघडणार."

मुलगी म्हणत होती, बाबा, हे असं नसतं, मशीन असं काही सांगत नाही, हा काही न्यायनिवाडा नाही. तिचं कोण ऐकतं? दोघांनी टाळी देऊन पैज पक्की केली. मी पण आतून खूश झाले, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, चला, मशिनीच्या हातून का होईना, सुटलो.

बाई, मुलगी आणि मी नागभीड, उमरेड करत एसटीनं नागपूरला गेलो. बाईंनी मशीन चालवणाऱ्या मुलासाठी लाडवांचा डबा आणला होता. तो बिचारा तिथे ट्रे घेऊन उभा, कारण आत लोखंड, चांदी काही नेता येत नाही. बाईंच्या हातातले गोठ साबण लावून निघाले. मग पिना निघायला लागल्या. पदराची, ब्लाउजची, कमरेच्या पिशवीची, बांगडीत अडकवलेल्या वेगळ्या. ट्रे भरत चालला. तो म्हणाला, "आजी, एवढ्या पिना कशाला?"

"कोनाले लागल्या त?" बाई म्हणाल्या, जणू काही रस्त्यावर लोक पिना मागत उभेच असतात. खरं म्हणजे असतात. माझ्या लग्नात अर्ध्या वऱ्हाडाच्या साड्या बाईंच्या पिनांवर उभ्या होत्या.

एका हातात त्यांना चार बटणांची रबरी पट्टी दिली. प्रत्येक चित्रानंतर सांगायचं, किती भेव वाटलं. एक म्हणजे मुळीच नाही, चार म्हणजे खूप. दुसऱ्या हाताच्या बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला. मशीन बंद करायचं असेल तर दाबायला एक रबरी फुगा दिला. मुलीनं दोनदा समजावलं, "आजी, काही वाटलं की फुगा दाब, मी लगेच काढते बाहेर." बाई म्हणाल्या, "हो वो माय, तू जा तुह्या जागेवर."

मी मुलीसोबत काचेमागं बसले. मशीन सुरू झालं आणि भाताच्या गिरणीत दगड पडल्यासारखा आवाज यायला लागला. बाईंचं आम्हाला फक्त खालचं टोक दिसत होतं, दोन तळपाय. बोटं घट्ट आवळलेली होती. मी म्हटलं, एसी फार गार आहे, पायावर चादर टाकायची होती. एकीकडे पडद्यावर चित्रं जात होती. वाघ, जबडा उघडलेला. फणा काढलेला नाग. पेटलेलं घर. मधेमधे शांत चित्रं, ज्यांच्याशी भीतीची तुलना करायची: चहाचा कप, अंगणातली बाज, कमळांचं तळं, आणि पहाटेच्या उजेडात फुलांचा सडा पडलेला एक मोह, खाली रिकामी टोपली. ते चित्र मुलीच्या सरांना फार आवडलं होतं म्हणे.

बटणांचे आकडे आमच्यासमोर उमटत होते. वाघ, एक. नाग, एक. चहा, एक. घर जळतंय, एक. मी मुलीला म्हटलं, तुझ्या आजीचा अंगठा अडकला का बघ. ती हसली नाही, ती दुसऱ्याच एका रेघेकडे बघत होती.

बाई बाहेर आल्या, केस सारखे केले, गोठ चढवले, सगळ्या पिना मोजून घेतल्या आणि म्हणाल्या, "झालं? इतकंच? मले वाटलं काहीतरी करतीन." मशीनवाल्या मुलाला बसवून त्यांनी लाडू खाऊ घातला. नवऱ्याला मी फोन करून सांगितलं, सगळीकडे एक. त्यानं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "बटन बाईच्या हातात व्हतं. डोस्कं काय म्हणते ते पाहू."

डोस्कं काय म्हणतं ते होळीला कळलं. मुलगी लॅपटॉप घेऊन आली, अंगणात बाजेवर सगळे बसलो. आधी बाईंना त्यांच्या मेंदूचा फोटो बघायचा होता. त्यांनी चष्मा लावून बघितला, लांब धरून बघितला.

"हे त फुलकोबी हाये."

"सगळ्यांचं असंच असतं, आजी."

"तुह्या आजोबाचं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि फोटो माझ्याकडे दिला, पाकिटात घालून ठेव म्हणून. गावातल्या प्रत्येक बाईनं तो आता बघितलेला आहे.

मग मुलीनं रंगीत ठिपके दाखवले. मेंदूत आत एक बदामाएवढा भाग असतो, भीती वाटली की तो पेटतो असं साधारण मानतात. वाघाचं चित्र आलं तेव्हा बाईंचा तो भाग ढिम्म. नागाला ढिम्म. जळत्या घराला किंचित. आणि मोहाच्या त्या सुंदर, शांत चित्राला लालभडक.

माझा नवरा बाजेवरून उठलाच. "पायलं! पायलं का! भेते! मोहाले भेते!"

"बाबा, बसा खाली."

"लाल हाये का नाई ते सांग."

"लाल आहे. पण लाल म्हणजे भीतीच, असं नाही म्हणता येत." मुलीनं डोकं धरलं. "तो भाग आनंदालाही पेटतो. कुणाची वाट बघताना पेटतो. काहीही महत्त्वाचं समोर आलं की पेटतो. रस्त्यावरून आपल्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला दिसला, तर आत भात शिजतोय की मांजर शिरलंय, ते बाहेरच्यानं कसं सांगायचं? मला एवढंच कळतं की दिवा लागला."

"मंग एवढी मोठी मशीन कायले घेतली?" नवऱ्यानं विचारलं. मला त्याचं पटलं.

मी बाईंना विचारलं, तुम्हीच सांगा ना, ते झाड बघून काय वाटलं? तरुणपणी कोणी भेटायचं का तिथे? त्यांनी माझ्या मांडीवर चापट मारली. मग म्हणाल्या, "वाटाचं काय त्यात. एवढा सडा पडून होता, टोपली रिकामी, अन् मले पट्ट्यानं बांधून ठेवलं. उठता येत नव्हतं. म्या म्हन्तलं, गेले सारे फुलं डुकराच्या तोंडात."

आम्ही इतके हसलो की शेजारीण कुंपणावरून डोकावली. मुलगी हसता हसता म्हणाली, सरांना आता ते चित्र काढून टाकायला सांगते, जंगलाकडच्या माणसाला ते शांत नाहीच. नवऱ्यालाही हसू आलं. पैज गेली असं वाटून तो हात झटकून उभा राहिला.

मुलगी तेवढ्यात म्हणाली, "पण आजी, एक गोष्ट मला समजली नाही." तिनं ती रेघ दाखवली, नागपूरला जिच्याकडे बघत होती ती. बाईंच्या नाडीची. "तू आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत ही धावत होती. वाघ असो की चहाचा कप असो. धावणाऱ्या माणसाची असते तशी. म्हणून तर वाघाच्या चित्राला काही फरकच दिसला नाही. आणि तू प्रत्येक वेळी एक दाबलं."

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"आजी?"

"वाघ त फोटोत होता," त्या म्हणाल्या. "मशिनीत मी होतो."

मुलगी बाजेवर त्यांच्याजवळ सरकली.

"वाटलं, जित्तंच पुरून राह्यले. छातीवर छत आलं. आवाज असा, का दात हालून राह्यले. फुगा हातात होता."

"मग दाबला का नाहीस?" मुलगी जवळजवळ ओरडली.

"तू काचेमागं बसून होती ना," बाई म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. "म्या फुगा दाबला असता, चार दाबलं असतं, त तू पयत आली असती. मशीन बंद. तुह्या साहेबानं म्हन्तलं असतं, इच्या घरची बुढीच अशी, त ही काय करन? अन् तू घाबरली असती, ते येगळंच. मंग दाबलं एक. एक दाबाले काय लागते."

मुलीनं लॅपटॉप बंद केला आणि आजीच्या खांद्यात तोंड घातलं. तिचे सर, तिचे ठिपके, सगळं राहिलं बाजूला. मला बाईंचा इतका राग आला की विचारू नका. मी काचेमागं बसून एसीला नावं ठेवत होते आणि ही बाई आत मरणाची भीत होती. मी म्हटलं, तुम्हाला एक ठेवून द्यावीशी वाटते. त्या म्हणाल्या, "दे, मले भेव नाई लागत," आणि स्वतःच हसल्या.

माझा नवरा हसला नाही. तो आईकडे बघत होता. "बाई," तो म्हणाला, "मंग मोहावर? तिथीही?"

बाई उठल्या. "बैलाइले पानी दाखवाचं हाये," म्हणाल्या आणि गोठ्याकडे गेल्या. पैजेचं काय झालं ते कोणी काढलं नाही.

मोह गळायला लागला तेव्हा नवरा सकाळी चहा पिता पिता मला म्हणाला, "लहानपणी मी जात होतो तिच्यासंगं. ती झाडाखाली लुगडं आथरून मले बसवे. मी दरवेळी इचारे, बाई, भेव लागते का? ती म्हणे, नाई रे, इथी काय हाये भ्यायले? मंग मी झोपून जाओ." त्यानं चहा खाली ठेवला. "ती एकटीच होती ना वो तिथी. मी त झोपलेला."

मी त्याच्या भुवया बघितल्या. मला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी टोपली उचलली तेव्हा तो काठी घेऊन दारात उभा होता. बाईंनी तोंड वाकडं केलं. "काऊन? मशीन संगं घेतली का?" तो म्हणाला, आज उजाडल्यावर निघायचं. त्यांनी कटकट केली, डुकरांचं काय म्हणाल्या, पण बसल्या. मी पण निघाले. का निघाले ते मलाच ठाऊक नाही. या गावात इतकी वर्षं काढून मी त्या नाल्यापलीकडे कधी गेले नव्हते. बाई मला म्हणाल्या, "तू काऊन? तुले उचलून आनाले आता कोन हाये?" मी म्हटलं, तुम्ही आहात ना.

वाटेनं त्या मोठमोठ्यानं बोलत होत्या. शेजारणीची सून, माझं पीठ मळणं, सरपंचाचा घसा, काही सोडलं नाही. मधेच खोकत होत्या. मला वाटायचं, बाईंना तोंड बंद ठेवता येत नाही. झाडाखाली पोहोचलो तर खरंच सडा पडला होता, पिवळा, ओला, गोड वासाचा. त्यांनी पदर खोचला, टोपली खाली ठेवली आणि वेचायच्या आधी चारी बाजूंना वळून बघितलं. वाकल्या. थोडं वेचलं. पुन्हा उठून बघितलं. वयानं कंबर धरलेली बाई, पण एका जागी दोन मुठीसुद्धा सलग वेचत नव्हती. मी पण बाजूला वेचायला लागले, आणि त्या उठल्या की मीही उठत होते.

माझा नवरा काठी टेकून उभा होता. त्याचे केस आता पांढरे झालेत. तो मधेच म्हणाला, "बाई, भेव लागते का?"

बाई वाकलेल्याच होत्या. हातातली फुलं त्यांनी टोपलीत टाकली, पुन्हा जमिनीकडे हात नेला, आणि हात तिथेच राहिला.

"लागते," त्या म्हणाल्या. "रोजच लागे. तू लहान होता तवा लय लागे."

तो काठी घेऊन जंगलाच्या बाजूला चार पावलं पुढे गेला.

"इथीच उभा राय, बाबू. दूर नको जाऊ."

तो चार पावलं मागं येऊन त्यांच्या जवळ उभा राहिला, जंगलाकडे तोंड करून, आणि टोपली भरेपर्यंत हलला नाही.